मनसर ते डोंगरी बुजुर्ग: काळ्या दगडाच्या मुलखात चार दिवस

नागपूरच्या घरी आजोबांच्या टेबलावर एक काळा दगड असायचा, पेपरवेट म्हणून. मुठीएवढाच होता पण लहानपणी तो उचलायला गेलं की हात खाली जायचा, इतका जड. आजोबा रेल्वेत माल-क्लार्क होते, नोकरीची बरीच वर्षं तुमसर रोडला काढलेली, तिथून जाणाऱ्या मँगनीजच्या (पोलादात घालतात तो धातू) वॅगनी मोजायच्या, पावत्या करायच्या हे काम. दगड कुठून आणला ते त्यांनी सांगितलं असेल, मी ऐकलं नाही, आणि आता ते नाहीत. गेली सात-आठ वर्षं मी पुण्यात खडक-खनिजांच्या नादाला लागलोय, वाघोलीच्या खाणींतले झिओलाइट वगैरे सगळे करतात तसे मीही गोळा केले, पण घरच्या टेबलावरचा दगड नेमका काय आहे हे मला सांगता येत नव्हतं. म्हणून या जानेवारीत चार दिवस काढले आणि नागपूर-भंडाऱ्याच्या मँगनीज पट्ट्यात फिरून आलो.

हे लिहितोय कारण या भागात जाणारी आपली माणसं जातात ती पेंचला वाघ बघायला किंवा रामटेकला दर्शनाला. दोन्हीकडे जाताना मनसरच्या आसपास रस्त्याला काळे ढीग लागतात. मी स्वतः लहानपणी तिथून वीस-पंचवीस वेळा गेलो असेन, एकदाही गाडी थांबवली नाही.

दिवस पहिला: नागपूर

सकाळी विदर्भ एक्सप्रेसनं उतरलो, मामाकडे आंघोळ, तर्री-पोहे, आणि सरळ अजब बंगला. हे म्युझियम 1863 चं, सिव्हिल लाइन्समध्ये, नागपूरच्या प्रत्येक मुलाला शाळेच्या सहलीत इथं आणतात आणि मग तो आयुष्यात परत येत नाही. मी तिथल्या खडकांच्या कपाटांपुढे तास-दीड तास उभा होतो.

नागपूरचा भूगोल जरा समजून घेतला की पुढचं सगळं सोपं जातं. आपण पुण्या-मुंबईची माणसं महाराष्ट्राचा दगड म्हणजे बेसाल्ट असं धरून चालतो, काळा पाषाण, सह्याद्री, किल्ले. पण नागपूर शहर हे त्या बेसाल्टच्या जवळजवळ शेवटच्या काठावर बसलंय. सीताबर्डीची टेकडी बेसाल्टची, आणि तिथून पूर्वेला-उत्तरेला निघालात की लाव्हाचं हे पांघरूण संपतं आणि त्याच्या खालचे खूप जुने खडक उघडे पडतात. कामठीकडे गोंडवाना काळातला वाळूचा दगड आणि कोळसा, आणि अजून वर रामटेककडे तर शंभर कोटी वर्षांहून जुनं सगळं. एका तासाच्या ड्राइव्हमध्ये साडेसहा कोटी वर्षांवरून शंभर कोटींच्या पलीकडे जाता येतं, असं दुसरं शहर महाराष्ट्रात मला तरी माहीत नाही.

हे पहिल्यांदा नीट ओळखणाऱ्यांत स्टीफन हिस्लॉप येतो. मिशनरी माणूस, नागपुरात शाळा चालवायचा (हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं), आणि फावल्या वेळात दगड फोडायचा. शहराजवळ टाकळीला लाव्हाच्या दोन थरांमधे अडकलेल्या तळ्याच्या गाळात त्याला आणि त्याचा सहकारी हंटर याला जीवाश्म सापडले. 1863 च्या सप्टेंबरमध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं बघून परतताना पुराच्या पाण्यात तो बुडाला. म्हणजे ज्या वर्षी हे म्युझियम उभं राहिलं त्याच वर्षी. कपाटांसमोर उभं असताना हे डोक्यातून जात नव्हतं.

संध्याकाळी मामीला विचारलं, आजोबांचा तो दगड कुठंय गं. म्हणाली असेल माळ्यावर, बघते.

दिवस दुसरा: मनसर, कांद्री, रामटेक

मामेभाऊ गाडी घेऊन आला, त्याला दादा म्हणतो मी. सात वाजता निघालो, थंडी सॉलिड होती, कन्हान नदीवर धुकं. एक गोष्ट आधीच सांगतो, कांद्री दोन आहेत. एक कन्हानजवळची, तिथं कोळसा. दुसरी मनसरजवळची, तिथं मँगनीज. मॅपवर नुसतं कांद्री टाकलं तर पहिलीकडे नेऊन सोडतो, आमचं तेच झालं, वीस मिनिटं गेली.

मनसर नागपूरपासून साधारण 45 किलोमीटर, जबलपूर हायवेवर, आताचा 44 नंबर. इथं आणि कांद्रीला 1900 च्या आसपास मँगनीज काढायला सुरुवात झाली. आणि 1909 मध्ये जिऑलॉजिकल सर्व्हेच्या लेविस फर्मोर या भूवैज्ञानिकानं भारतातल्या मँगनीजवर एक अवाढव्य ग्रंथ काढला, तो आजही या विषयातल्या माणसाला उघडावाच लागतो. बैलगाडीनं, घोड्यावरनं तो हा सगळा मुलूख फिरला होता. त्याला इथं एक खडक वारंवार दिसला, धातुकाच्या, म्हणजे ज्यातून मँगनीज काढतात त्या दगडाच्या, थराला चिकटून असलेला, क्वार्ट्झ (गारगोटी) आणि गार्नेट या दाणेदार खनिजाच्या एका विशिष्ट प्रकाराचा. आधीच्या कुठल्याच नावात तो बसेना. मग त्यानं इथल्या गोंड लोकांच्या नावावरून त्याचं नाव ठेवलं, गोंडाइट. आज ब्राझीलमध्ये किंवा आफ्रिकेत असा खडक सापडला तरी तिथला भूवैज्ञानिक गोंडाइट असंच लिहितो.

मला तो खडक हातात घ्यायचा होता.

खाण चालू आहे, आत जायला परवानगी लागते आणि ती लागायलाच हवी, मी ती फक्त तिसऱ्या... सॉरी, चौथ्या दिवसासाठी मिळवली होती. लीजच्या कुंपणाच्या आतला दगड उचलायचा नाही, ढिगावर चढायचं नाही, हे नवीन येणाऱ्या प्रत्येकानं पाळावं, ढीग सैल असतात आणि घसरतात. पण ओढ्यांना कुंपण नसतं. गावाबाहेरच्या एका कोरड्या नाल्यात आम्ही उतरलो, आणि पहिल्या दहा पावलांतच कळलं की आपण वेगळ्याच जगात आहोत. नाल्याची वाळू चकाकत होती, अभ्रकानं, म्हणजे आपण मायका म्हणतो ते, पांढऱ्या अभ्रकाचे पापुद्रे सगळीकडे. बुटांना लागलेले ते पापुद्रे रात्री मामीच्या ओसरीवरही चमकत होते. काठावरचा खडक हाच, मायका शिस्ट, बोटानं उकलला तर पानं सुटतात. आणि या शिस्टच्या गोट्यांत मधेमधे काळे कुळकुळीत गोटे, आणि काही विटकरी-पिवळसर, दाणेदार.

ते विटकरी-पिवळसर उचलले. ताजा तुकडा बघायला एक फोडला, उन्हात धरला, खिशात हात घातला तर माझं भिंग नाही. दहापट मोठं दाखवणारं छोटं घडीचं भिंग असतं, गळ्यात अडकवतो मी, दोरी तुटलेली. नाल्यात मागे जाऊन शोधायला लागलो, तेवढ्यात काठावर शेळ्या घेऊन एक पोरगा उभा, दहा-अकराचा असेल. खाली उतरला, म्हणाला काय पडलं जी तुमचं. सांगितलं. पाच मिनिटांत त्यानं शोधून दिलं, शेळ्या वर चरतायत आणि हा वाळूत गुडघ्यावर. मग मी त्यालाच म्हटलं, बघ, डोळ्याला असं चिकटव आणि दगड जवळ आण. त्यानं बघितलं आणि एकदम म्हणाला, "हे त मोहरी हाये ना जी!"

मी घेतलं आणि बघितलं, आणि खरंच मोहरी. काचेसारख्या राखाडी क्वार्ट्झमध्ये मधाच्या रंगाचे, गोल, टचटचीत दाणे, फोडणीत टाकायच्या आधी तळहातावर घेतलेल्या मोहरीसारखे, फक्त पिवळ्या-केशरी. काही दाण्यांना बारीक सपाट पैलू, त्यावर ऊन लागलं की ठिणगी. हे स्पेसार्टीन, मँगनीजचं गार्नेट. हा गोंडाइट. पुस्तकात सूत्र वाचलं होतं, पातळ काचपट्ट्यांचे फोटो बघितले होते, पण मोहरी हा शब्द कुठल्या पुस्तकात नव्हता आणि आता मला गोंडाइट ओळखायला दुसरा शब्द लागणार नाही. पोराला विचारलं हा दगड कशाला वापरतात इथं, तर म्हणाला कायलेच नाही, काळा पाहिजे असते खदानवाल्यांना, हा फेकतात. इथं खाण कुणी म्हणत नाही, सगळे खदान म्हणतात.

हे दोन दगड शेजारी कसे, ते सांगतो, कारण सगळ्या ट्रिपची चावी तीच आहे. फार पूर्वी इथं समुद्र होता. पाण्यात प्राणवायू नसला की मँगनीज पाण्यात विरघळून राहतं, आणि प्राणवायू असलेल्या पाण्याशी गाठ पडली की काळा गाळ होऊन तळाला बसतं. तळाला नुसतं मँगनीज बसत नव्हतं, कधी चिखल, कधी वाळू, कधी चुना. मग हे सगळं सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी खोल गाडलं गेलं, पाच-सहाशे अंश तापलं, दाबलं, दुमडलं. चिखलाचा झाला मायका शिस्ट. वाळूचा क्वार्ट्झाइट. चुन्याचा संगमरवर. जिथं काळा गाळ चिखलात आणि वाळूत मिसळलेला होता तिथं झाला गोंडाइट, आणि जिथं काळा गाळ बऱ्यापैकी शुद्ध होता तिथं झालं ब्राउनाइट, म्हणजे खदानवाल्यांना पाहिजे ते. एकदा हे डोक्यात बसलं की नाल्यातला प्रत्येक गोटा वाचता येतो, हा चिखल होता, हा वाळू होता, हा मधला.

या सगळ्या थरांच्या गठ्ठ्याला सौसर गट म्हणतात, आणि त्यातल्या ज्या थरात मुख्य मँगनीज आहे त्याचं अधिकृत नाव मनसर फॉर्मेशन. म्हणजे गावाच्या बसस्टॉपवर जे नाव आहे तेच. पट्टा छिंदवाड्यापासून नागपूर, भंडारा करत बालाघाटपर्यंत, साधारण दोनशे किलोमीटरचा बाक.

मनसरला वाकाटकांच्या काळातलं विटांचं मोठं बांधकाम उकरून काढलंय, दुसऱ्या प्रवरसेनाचं प्रवरपूर ते हेच असं बरेच अभ्यासक मानतात. दादाला तिथं रस होता, मी त्याच्याबरोबर चढलो, वरून एका बाजूला त्या पायऱ्या-विटा आणि दुसऱ्या बाजूला खाणीचे काळपट ढीग, त्यांच्यावर लावलेली झाडं. दादा म्हणाला तुझं शंभर कोटी, माझं दीड हजार, जेवायला चल.

दुपारी कांद्रीच्या बाजूनं नुसतं रस्त्यावरून बघितलं. रामटेकला गडावर गेलो, दर्शन झालं, टेकडीचा दगड बघितला, पांढरट, साखरेच्या ढेपेसारखा दाणेदार क्वार्ट्झाइट, कुठं कुठं अभ्रकाची चमक. म्हणजे वाळू होती. ही वाळू चिवट झाली, झिजली नाही, म्हणून आज टेकडी आहे, आणि टेकडी आहे म्हणून गड आहे. बाजूचा शिस्ट मऊ, तो झिजला आणि तिथं शेतं आणि तलाव झाले. आजीबरोबर इतक्यांदा या पायऱ्या चढलो, एकदाही पायाखाली बघितलं नव्हतं.

जाताना बेलडोंगरी आणि काचरवाहीच्या पाट्या लागल्या तेव्हा मी गाडी हळू करायला लावली. ही नावं जगभरच्या खनिजांच्या कॅटलॉगमध्ये आहेत. बेलडोंगरीच्या दगडावरून फर्मोरनं व्हरेडेनबर्गाइट हे खनिज वर्णन केलं, आपल्या एका सहकाऱ्याचं नाव देऊन, लोहचुंबकाला घट्ट चिकटणारं. काचरवाहीचं ब्लॅनफर्डाइट आणि जुडाइट. छिंदवाड्याच्या सितापारवरून सितापराइट. यातली बरीच नावं पुढे गेली, सितापराइट म्हणजे आधीच माहीत असलेलं बिक्सबाइटच निघालं, व्हरेडेनबर्गाइट हे एक खनिज नसून जेकबसाइट आणि हौसमनाइट या दोन खनिजांची एकमेकांत विणलेली जोडी निघाली. साहेबांची नावं पुसली गेली, गोंडाइट टिकला.

दिवस तिसरा: देवलापारकडे

आज दगड कमी, रस्ता जास्त. मनसरहून हायवेनं उत्तरेला, देवलापारकडे. जंगल दाट होत जातं, रस्त्याखालून प्राण्यांना जायला मोठमोठे मार्ग केलेत, दादा म्हणाला वाघ जातात इथून. गाडी जिथं थांबवायला मनाई तिथं थांबवली नाही.

1936 मध्ये वेस्ट नावाच्या भूवैज्ञानिकानं या देवलापारच्या भागात नॅपे दाखवला. म्हणजे काय, तर गोधडीची घडी घालताना वरचा पदर पुढे ओढून खालच्यावर टाकतो ना, तसा किलोमीटरच्या किलोमीटर खडकाचा पदर दुसऱ्या खडकांवर सरकून बसलेला. त्यामुळे इथं वरचा थर तो नवा आणि खालचा तो जुना हा शाळेतला नियम लावला की फसायला होतं. आल्प्समधल्या अशा घड्या जगप्रसिद्ध आहेत, लोक बघायला जातात. आपल्याकडे त्याच घडीवर धाबा आहे, आम्ही तिथं चहा घेतला. हे मला खरंच लागलं, एक साधी पाटी जरी लावली की इथं काय आहे, तरी पेंचला जाणारी किती मुलं उतरून बघतील.

एका जुन्या कापलेल्या काठावर पांढरा संगमरवर दिसला. बरोबर व्हिनेगरची छोटी बाटली होती, टाकलं, काही नाही. चाकूनं थोडी पूड करून त्यावर टाकलं, बारीक बुडबुडे, सावकाश. म्हणजे डोलोमाइट, कॅल्साइट असता तर पूड न करता फसफसला असता. त्यात फिकट हिरव्या काड्या, सुईसारख्या, गुच्छ करून, त्या बहुतेक ट्रेमोलाइट. चुना होता, त्यात वाळूही थोडी मिसळलेली होती, आणि तापल्यावर दोघांनी मिळून या काड्या केल्या. नाल्यातल्या यादीत हा एक राहिला होता, तोही भेटला.

परतताना पाऊस आला, जानेवारीत, बारीक गारा पण. संत्र्यावाल्यांचे चेहरे बघवेनात.

दिवस चौथा: तुमसर, डोंगरी बुजुर्ग, चिखला

पहाटेच्या गाडीनं तुमसर रोड. प्लॅटफॉर्मवर उतरलो आणि पहिल्यांदा मालधक्क्याकडे गेलो. आजोबा इथं उभे असायचे. इथून एक फाटा उत्तरेला तिरोडीकडे जातो, गोबरवाही, डोंगरी बुजुर्ग असा, आणि तो मुळात याच दगडासाठी. स्टेशनच्या टोकाला, जिथं एक रूळ दुसऱ्याला कापतो, तिथं जो जाड चमकदार तुकडा असतो ना, चाकांचे सगळे तडाखे खाणारा, तो कास्ट मँगनीज स्टीलचा असतो, रेल्वेवाले सीएमएस क्रॉसिंग म्हणतात. रॉबर्ट हॅडफिल्डनं 1882 मध्ये शोधलेलं पोलाद, बारा-तेरा टक्के मँगनीज, त्याची गंमत अशी की ठोके पडतील तसतसं ते वरून अजून कडक होत जातं. इथून वॅगन भरून दगड जायचा आणि रुळाच्या रूपानं परत यायचा, आजोबांच्या पायाखाली. प्लॅटफॉर्मच्या कडेला उभं राहून मी त्या क्रॉसिंगवरून एक अख्खी मालगाडी जाऊ दिली, तो आवाज ऐकत.

जगात निघणाऱ्या मँगनीजपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास पोलादातच जातं. लोखंडातलं गंधक आणि प्राणवायू ते ओढून घेतं, नाहीतर लाटताना पोलाद फाटतं. त्याला पर्याय नाही. म्हणून पहिल्या महायुद्धाच्या आधी रशिया आणि भारत हे जगाचे दोन मोठे पुरवठादार, आणि भारतातला फार मोठा वाटा या आपल्या पट्ट्याचा. 1896 ची सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट, तिचीच पुढे ब्रिटिश कंपनी झाली, 1962 मध्ये सरकार भागीदार होऊन मँगनीज ओर इंडिया, 1977 मध्ये पूर्ण सरकारी, तीच आताची मॉइल (2010 पासून तिचे काही शेअर बाजारातही आहेत), मुख्यालय नागपूरलाच.

नागपूरच्या एका कॉलेजच्या जिऑलॉजीच्या मुलांची फील्ड ट्रिप होती, त्यांच्या सरांनी माझंही नाव परवानगीच्या यादीत घातलं होतं, त्यांचे उपकार. तुमसरहून बसनं तासभर, दोन्ही बाजूला कापलेल्या धानाची शेतं, बांधावर लाखोळी. गेटवर हेल्मेट, बूट, चकाकणारं जॅकेट, सुरक्षेच्या सूचना, मोबाइल बंद.

डोंगरी बुजुर्ग ही उघडी खाण. काठावर आलो आणि मुलांची बडबड थांबली. खाली पायऱ्या-पायऱ्यांनी उतरत गेलेला प्रचंड खड्डा, वर तांबूस माती, मग भुरकट शिस्ट, आणि त्यात तिरका उतरत जाणारा काळा पट्टा, काजळाची रेघ ओढावी तसा. तळाला डंपर, खेळण्याएवढे. तो पट्टा सपाट नाही, मधेच जाड होतो, मधेच वळतो, एका ठिकाणी तर इंग्रजी एस सारखा. समुद्राच्या तळाचा थर असा उभा करून दुमडलेला बघायला पुस्तकं पुरत नाहीत.

इथलं धातुक मँगनीज डायऑक्साइडसाठी नावाजलेलं, टॉर्चच्या साध्या सेलमध्ये जी काळी पूड असते ती. ब्राउनाइट वगैरे खोलातली खनिजं, पण जमिनीजवळ पावसाचं पाणी आणि हवा लाखो वर्षं मुरली की त्यांचं पायरोल्युसाइट, क्रिप्टोमेलेन होतं, आणि ते डायऑक्साइडनं श्रीमंत. आम्हाला एका ठरवून दिलेल्या जागी नमुने बघायला, आणि थोडे घ्यायला परवानगी होती. एक तुकडा द्राक्षाच्या घडासारखा गोलगोल उंचवट्यांचा, वरून पॉलिश केल्यासारखा. दुसरा मऊ, हातात घेतला की बोटं काळी. ही काळी सहज जात नाही. सरांनी मुलांना बजावलं, धूळ नाकात जाऊ देऊ नका, मास्क काढू नका, कारण मँगनीजची धूळ वर्षानुवर्षं आत गेली की मज्जासंस्थेवर जाते, हात थरथरतात, चाल बिघडते. पूर्वी इथं बायका हातोडीनं ढेकळं फोडायच्या आणि चांगलं-वाईट हातानं निवडायच्या, घमेल्यात भरून डोक्यावरून न्यायच्या, तोंडाला फार तर पदर. गोंडाइटला नाव त्यांच्या समाजाचं मिळालं, पण ढेकळं फोडणाऱ्या त्या बायकांतल्या एकीचंही नाव मला कुठं वाचायला मिळालेलं नाही.

सरांनी एक प्रयोग दाखवला तो घरी मुलांना दाखवण्यासारखा. मेडिकलमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं, जखम धुवायचं. काळ्या दगडावर एक थेंब टाकला, तो उकळल्यासारखा फसफसला, पांढरा फेस. गोंडाइटच्या गार्नेटवर टाकला, काही नाही. शेजारच्या साध्या काळ्या दगडावर, काही नाही. मँगनीजचं ऑक्साइड पेरॉक्साइडमधला प्राणवायू सोडवतं, म्हणून फेस.

चिखल्याला फक्त बाहेरून. ती जमिनीखालची खाण, वर हेडगियर, म्हणजे पिंजरा खाली-वर करणाऱ्या चाकाचा लोखंडी सांगाडा. धातुक काढून झालं की पोकळी वाळू-पाण्यानं भरत जातात, नाहीतर वरचं बसेल. शिफ्ट सुटली होती, माणसं सायकलींवर घराकडे. एकानं माझ्या हातातला गोंडाइट बघून विचारलं, हा कायले घेतला जी, ह्यात माल नाही. मी मोहरीची गोष्ट सांगितली. त्यानं दगड घेतला, उन्हाकडे तिरका करून नीट बघितला आणि म्हणाला, एवढे वर्स झाले, अशी कधी पाहिलीच नोती.

रात्री नागपूर

मामीनं दगड काढून ठेवला होता. स्वयंपाकघरात बसलो, दादाही.

आधी कपाच्या बुडाच्या खरखरीत कडेवर घासला, रेघ काळपट तपकिरी. चाकू लागला नाही, म्हणजे पायरोल्युसाइटसारखा मऊ नाही. हातही फार काळे झाले नाहीत. फ्रिजवरचं चुंबक दोऱ्याला बांधून जवळ नेलं, जरासं ओढलं, पण चिकटलं नाही, म्हणजे चुंबकाला घट्ट धरणारं जेकबसाइट नाही. पेरॉक्साइडचा थेंब, फेस आला, सकाळच्यापेक्षा कमी. मग मामीचा पिठाचा काटा. दगड 640 ग्रॅम. काट्यावर पाण्याचं पातेलं ठेवून शून्य केलं, दगड दोऱ्यानं पाण्यात सोडला, तळाला टेकू न देता, काटा 138. 640 ला 138 नं भागलं तर 4.64, म्हणजे तेवढ्याच आकाराच्या पाण्याच्या इतके पट जड. साधा क्वार्ट्झ 2.65 येतो. शुद्ध ब्राउनाइट 4.7 च्या वर. थोडंसं कमी का, म्हणून भिंग लावून फिरवत बसलो, आणि बुडाला, जी बाजू इतकी वर्षं टेबलाला टेकलेली होती तिथं, एक बोटभर लांबीची बारीक फिकट पट्टी दिसली. त्यात मोहरी. अगदी बारीक, पिवळी, पंधरा-वीस दाणे.

म्हणजे ब्राउनाइट, आणि थराच्या अगदी कडेचा, जिथं काळा गाळ संपून चिखल-वाळू सुरू होत होती तिथला. कुठल्या खाणीचा ते या दगडावरून सांगता यायचं नाही, पट्ट्यात असे कितीतरी ठिकाणी आहेत.

भिंग मामीला दिलं. तिनं बराच वेळ बघितलं, मग मामाला हाक मारली, अहो या ना इकडे. मामानं बघितलं. दादानं परत बघितलं. मी मामीला म्हटलं हा इथंच राहू दे, पुण्याला नेत नाही. तिनं तो धुतला, पुसला आणि हॉलमधल्या टेबलावर वीजबिलांवर ठेवला, पट्टीची बाजू वर करून.